शिक्क्यांच्या गदारोळात मागे पडलेल्या अटी: एक्सबॉक्स वन आणि प्लेस्टेशन ४ यांच्या पाठीराख्यांमधील २०१३ चा वाद

१० जून २०१३ रोजी सायंकाळी लॉस एंजेलिसमध्ये ई३ या गेमिंग प्रदर्शनाच्या निमित्ताने सोनीच्या अमेरिकेतील गेमिंग विभागाचे प्रमुख जॅक ट्रेटन यांनी प्लेस्टेशन ४ या नव्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्रावर, सेकंडहँड गेमसाठी कोणतेही नवे बंधन नसेल असे जाहीर केले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. डिस्क विकत घ्यावी, खेळून झाली की मित्राला द्यावी किंवा विकून टाकावी, ही मुभा कन्सोलवर खेळणाऱ्यांना वर्षानुवर्षे होतीच. होते ते तसेच राहील एवढ्या आश्वासनावर जल्लोष व्हावा, अशी परिस्थिती त्याआधीच्या काही आठवड्यांत मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या आपल्या नव्या कन्सोलसाठी बंधने आणून निर्माण केली होती. हे प्रकरण एका कंपनीची घोडचूक आणि दुसरीचा विजय अशा स्वरूपात अनेकदा सांगितले गेले आहे. प्रस्तुत अभ्यासात मात्र कंपन्यांपेक्षा त्यांच्या पाठीराख्यांच्या वर्तनाकडे अधिक लक्ष दिले आहे. या काळात कोण काय म्हणतो यापेक्षा तो कोणाच्या बाजूचा आहे याचाच निकाल आधी लावला गेला आणि त्यामुळे दोन्ही बाजूंच्या ग्राहकांना दाखवून देता येईल असे नुकसान सोसावे लागले, असे माझे मत आहे.

पार्श्वभूमी

एखाद्या वस्तूच्या ग्राहकांनी तिच्यासाठी अनोळखी माणसांशी हमरीतुमरीवर यावे हे बाहेरच्या माणसाला पोरकट वाटते, पण त्यामागे व्यवहाराची कारणेही आहेत. कन्सोल महाग असतो, त्यामुळे बहुतेक घरांत एका पिढीत एकच घेतला जातो. एकाचे गेम दुसऱ्यावर चालत नाहीत. २०१३ मध्ये तर प्लेस्टेशन ३ च्या डिस्क प्लेस्टेशन ४ वर चालणार नव्हत्या आणि एक्सबॉक्स ३६० च्या डिस्क एक्सबॉक्स वनवर. म्हणजे जुना संग्रह बाजूला ठेवून दोन्हीकडच्या खेळाडूंना नव्याने सुरुवात करायची होती. मित्र ज्या यंत्रावर असतील त्याच यंत्रावर त्यांच्याबरोबर ऑनलाइन खेळता येणार असल्याने, आपली निवड इतरांनीही करावी यात प्रत्येकाचा थेट स्वार्थ होता. सहा-सात वर्षांसाठी केलेली अशी निवड चुकीची ठरू नये ही इच्छा स्वाभाविकच म्हणावी लागेल.

या इच्छेला खतपाणी घालण्याचे काम कंपन्यांनी फार पूर्वीच सुरू केले होते. १९९० च्या सुमारास सेगा या कन्सोल बनवणाऱ्या कंपनीने अमेरिकेतील जाहिरातींतून निन्टेंडो या प्रतिस्पर्धी कंपनीची नाव घेऊन टर उडवली आणि आपले यंत्र मोठ्या, धीट मुलांचे व समोरचे लहानग्यांचे असे चित्र रंगवले. सेगाने २००१ मध्ये कन्सोल बनवणे थांबवले, पण यंत्रावरून माणसाचा स्वभाव ठरवण्याची ती रीत टिकून राहिली. पुढे इंग्रजी गेमिंग विश्वात एक अख्खी प्राणिसृष्टीच उभी राहिली: सोनीचे पाठीराखे म्हणजे गाई, मायक्रोसॉफ्टचे म्हणजे एकामागोमाग एक कड्यावरून उड्या घेतात असा समज असलेले लेमिंग नावाचे उंदीर, निन्टेंडोचे म्हणजे मेंढ्या आणि संगणकावर खेळणारे म्हणजे एकांतवासी संन्यासी. ‘एक्सबॉट’, ‘सोनी पोनी’ आणि ‘निन्टेंड्रोन’ ही नावेही प्रचलित झाली. ‘फॅनबॉय’ (आंधळा भक्त) हा शिक्का तर सर्वांसाठीच होता. यांतील बहुतेक नावांचा रोख एकच आहे, तो म्हणजे समोरचा माणूस स्वतःच्या डोक्याने विचार करत नसून कळपामागे चालला आहे, किंवा आज्ञेवर चालणारे निव्वळ यंत्र आहे. एकदा हे गृहीत धरले की त्याच्या म्हणण्याला उत्तर देण्याची गरज उरत नाही.

एप्रिल ते जून: आक्षेप कोणाचा?

नव्या एक्सबॉक्सला सतत इंटरनेट लागेल अशा वावड्या २०१३ च्या सुरुवातीपासून उठत होत्या. ४ एप्रिल रोजी मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागातील क्रिएटिव्ह डायरेक्टर अ‍ॅडम ऑर्थ यांनी ट्विटरवर लिहिले की सदैव जोडलेल्या यंत्राबद्दल एवढा आरडाओरडा कशासाठी चालला आहे हे आपल्याला कळत नाही. आता सगळीच उपकरणे तशी असतात, तेव्हा हे स्वीकारा. दुसऱ्या कंपनीत काम करणाऱ्या एका मित्राने इंटरनेट नीट नसलेल्या लहान गावांची नावे घेतली, तेव्हा तिथे राहायचेच कशाला, असे उत्तर त्यांनी दिले. हा दोघा मित्रांमधला थट्टेचा सूर होता, पण वाचणाऱ्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी मायक्रोसॉफ्टने जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि आठवड्याभरात ऑर्थ कंपनीतून बाहेर पडले. त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला धमक्या आल्या. त्यांच्या विधानातील बेफिकिरी खटकणारी होती हे मान्य करूनही, धोरण ठरवण्यात त्यांचा वाटा किती होता हे कोणी विचारले नाही, ही बाब नोंदवायला हवी.

२१ मे रोजी रेडमंड येथे एक्सबॉक्स वनचे अनावरण झाले. त्यात दूरचित्रवाणीवर इतका भर होता की खेळाडूंच्या एका मोठ्या वर्गाचा तिथेच हिरमोड झाला. अटी मात्र ६ जूनला लेखी स्वरूपात आल्या. कन्सोलने दर २४ तासांत एकदा इंटरनेटशी संपर्क साधला पाहिजे; दुसऱ्याच्या यंत्रावरून आपला गेम खेळायचा असल्यास दर तासाला; डिस्क मित्राला द्यायची तर तो किमान ३० दिवस आपल्या यादीत असला पाहिजे आणि एक गेम एकदाच देता येईल; जुन्या गेमची विक्री ठरावीक दुकानांतूनच आणि प्रकाशकाची हरकत नसेल तरच; उसनवारी व भाड्याने देणे सुरुवातीला शक्य नाही. किनेक्ट हा कॅमेरा व मायक्रोफोन असलेला संच जोडलेला असणे बंधनकारक होते. नेमक्या त्याच दिवशी अमेरिकी सरकारच्या ‘प्रिझम’ या पाळत कार्यक्रमाच्या बातम्या झळकल्या आणि त्यांत मायक्रोसॉफ्टचे नाव होते. याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता.

या अटींवरचे आक्षेप वेगवेगळ्या ठिकाणांहून आले होते. जहाजांवर किंवा परदेशी तळांवर तैनात असलेले सैनिक, इंटरनेट बेभरवशाचे असलेल्या भागातील कुटुंबे, जुन्या डिस्क विकून नवी घेणारे विद्यार्थी, वीस वर्षांनी सर्व्हर बंद पडल्यावर हे गेम उघडतील का असे विचारणारे जतनप्रेमी, अशांची गाऱ्हाणी स्वतंत्र होती आणि त्यांपैकी अनेक जण एक्सबॉक्स ३६० चे जुने, समाधानी ग्राहक होते. चर्चेत मात्र या सर्वांना एकाच टोपलीत टाकले गेले: ही ‘सोनीवाल्यांची’ ओरड आहे. प्रतिवाद असा की ज्यांना यंत्र घ्यायचेच नाही ते उगाच गळा काढत आहेत. नव्या यंत्राला ‘एक्सबोन’ असे हिणवणारे नाव याच काळात चिकटले आणि ते नाव वापरणे हाच त्या माणसाचा आक्षेप बाजूला ठेवण्यास पुरेसा पुरावा मानला जाऊ लागला.

या गृहीतकाला छेद देणारी एक घटना मेच्या अखेरीस घडली होती. सेकंडहँड गेमबाबत सोनीची भूमिकाही तेव्हा पुरेशी स्पष्ट नव्हती. त्यामुळे काही खेळाडूंनी ‘पीएस४ नो डीआरएम’ (डीआरएम म्हणजे विकत घेतलेल्या गेमच्या वापरावरील तांत्रिक निर्बंध) असा हॅशटॅग वापरून सोनीच्याच अधिकाऱ्यांना ट्विटरवर संदेशांचा मारा सुरू केला आणि तुम्ही असे निर्बंध आणू नका अशी मागणी केली. कंपनीच्या काही अधिकाऱ्यांनी आम्ही ऐकत आहोत अशा आशयाची उत्तरे दिली. ज्यांच्यावर सोनीची तळी उचलल्याचा आरोप होता, त्यांच्यातलेच काही जण सोनीला जाब विचारत होते. या प्रकरणातील समर्थकांच्या वर्तनात मला हाच भाग सर्वांत आश्वासक वाटतो. तो दोन आठवडेच टिकला, ही गोष्ट वेगळी.

१० जूनची सायंकाळ आणि तिच्यात झाकले गेलेले शुल्क

१० जूनला सकाळी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनची किंमत ४९९ डॉलर सांगितली होती. सायंकाळी सोनीने सेकंडहँड गेमबद्दलची घोषणा केली, दर २४ तासांची हजेरी लागणार नाही असे सांगितले आणि किंमत ३९९ डॉलर जाहीर केली. शिवाय शुहेई योशिदा आणि अ‍ॅडम बॉइझ या दोन अधिकाऱ्यांनी प्लेस्टेशनवर गेम ‘शेअर’ कसा करायचा याची अर्ध्या मिनिटाहूनही छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली. तिच्यात एकजण दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, बस्स. प्रतिस्पर्ध्याला इतक्या कमी शब्दांत इतके लागट उत्तर क्वचितच दिले गेले असेल.

याच सायंकाळी आणखी एक बदल स्पष्ट झाला. प्लेस्टेशन ३ वर इतरांबरोबर ऑनलाइन खेळणे विनामूल्य होते. प्लेस्टेशन ४ वर त्यासाठी, मोजके अपवाद वगळता, प्लेस्टेशन प्लसचे सशुल्क सदस्यत्व घ्यावे लागणार होते. त्या वेळी त्याचा अमेरिकेतील वार्षिक दर ५० डॉलरच्या घरात होता. म्हणजे जो खेळाडू नियमितपणे ऑनलाइन खेळतो, त्याच्यासाठी दोन वर्षांत कन्सोलमधली १०० डॉलरची बचत सदस्यत्वातच जाणार होती. प्रतिस्पर्ध्याकडे असे शुल्क आधीपासून होते हे खरे. पण ‘आमच्याकडे ऑनलाइन फुकट आहे’ हा सोनीच्या पाठीराख्यांचा मागील सात वर्षांतील हुकमी मुद्दा होता आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत काढून घेतला गेला असताना त्यांनी त्यावर फारशी खळखळ केली नाही. बातम्या आल्या, थोडी कुरकुर झाली, आणि विजयाच्या आनंदात ती विरून गेली.

हे वर्तन समजून घेण्यास मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांचा १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधील शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग उपयोगी पडतो. मुलांना ठिपके मोजण्याच्या अंदाजावर किंवा चित्रांच्या आवडीवर अशा अगदी किरकोळ निमित्ताने दोन गटांत विभागले आणि त्यांना इतर मुलांमध्ये पैसे वाटायला सांगितले. आपल्या गटाला जास्तीत जास्त रक्कम मिळावी यापेक्षा दुसऱ्या गटाहून आपल्याला किती जास्त मिळते याकडे मुलांचा कल दिसला, मग त्यात आपल्या गटाच्या पदरी प्रत्यक्षात कमी पडले तरी चालेल. लॉस एंजेलिसमधील त्या सायंकाळी १०० डॉलरचा फरक टाळ्या घेऊन गेला आणि वर्षाला ५० डॉलर दुर्लक्षित राहिले, याचे यापेक्षा सरळ स्पष्टीकरण मला सापडत नाही. सोनीच्या धोरणकर्त्यांनी हे हेरूनच मांडणी केली होती की योगायोगाने तसे घडले, हा प्रश्न गौण आहे.

मायक्रोसॉफ्टच्या बाजूने परिस्थिती आणखी बिघडवण्याचे काम एक्सबॉक्स विभागाचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांनी केले. ज्यांना इंटरनेट मिळत नाही त्यांच्यासाठी सुदैवाने आमच्याकडे एक उत्पादन आहे आणि त्याचे नाव एक्सबॉक्स ३६०, असे त्यांनी त्याच प्रदर्शनादरम्यान एका मुलाखतीत सांगितले. १९ जूनला कंपनीने रोजची ऑनलाइन हजेरी आणि सेकंडहँड गेमवरील बंधने मागे घेतली. १ जुलैला मॅट्रिक कंपनी सोडून झिंगा या गेम कंपनीत गेल्याचे जाहीर झाले.

या माघारीत एक गोष्ट बळी गेली. मूळ योजनेनुसार कुटुंबातील दहा जणांना एकमेकांच्या गेम-संग्रहात कुठूनही प्रवेश मिळणार होता आणि एकदा गेम भरून घेतल्यावर डिस्क यंत्रात ठेवण्याची गरज उरणार नव्हती. बंधने हटवताना या सोयीही काढून टाकल्या गेल्या. काही ग्राहकांना त्या मनापासून हव्या होत्या आणि मूळ योजना परत आणा अशा ऑनलाइन याचिकेवर हजारोंनी सह्याही केल्या. त्यांची जी टिंगल झाली ती या प्रकरणातील शिक्केबाजीचा दुसरा, उलट्या दिशेचा अंक मानावा लागेल. सुरुवातीला अटींना विरोध करणारा सोनीचा हस्तक ठरत होता. जूनअखेर अटींमध्ये काही चांगले आहे असे म्हणणारा मायक्रोसॉफ्टने पोसलेला भाट ठरला. संग्रह कुटुंबात वाटून घेण्याची कल्पना चांगली आहे का, आणि ती रोजच्या हजेरीशिवाय राबवता येईल का, हा विचारण्याजोगा प्रश्न या दोन आरोपांच्या मध्ये अडकून पडला.

‘पैसे खाल्ले’ हा आरोप

विरोधी मत मांडणारा पैसे घेऊन बोलतो हा अशा वादांतला सर्वांत स्वस्त आरोप आहे आणि बहुतेक वेळा तो बिनबुडाचा असतो. या प्रकरणात मात्र तो एका ठिकाणी खरा निघाला, म्हणून त्याची नोंद तपशिलात घ्यायला हवी. मशिनिमा या व्हिडिओ नेटवर्कने एक्सबॉक्स वनच्या विक्रीच्या सुरुवातीच्या काळात काही यूट्यूबरना त्या यंत्राचे व त्याच्या गेमचे गुणगान करणारे व्हिडिओ बनवण्यासाठी मोबदला दिला होता, आणि मोबदला मिळाल्याचे प्रेक्षकांना पुरेशा स्पष्टपणे सांगितले गेले नव्हते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०१५ मध्ये मशिनिमाबरोबरच्या तडजोडीची घोषणा केली. आयोगाच्या तक्रारीनुसार दोन यूट्यूबरना अनुक्रमे १५,००० आणि ३०,००० डॉलर दिले गेले होते.

त्यातून निघणारा निष्कर्ष शिक्के मारणाऱ्यांना सोयीचा नाही. प्रत्यक्ष पैशांचा व्यवहार करार आणि रकमांच्या नोंदींतून, नियामक यंत्रणेच्या चौकशीतून सिद्ध झाला. एखाद्याचे मत एक्सबॉक्सच्या बाजूचे आहे एवढ्यावरून ज्या असंख्य लोकांना विकले गेलेले ठरवले, त्यांनी आपल्या खिशातले ४९९ डॉलर मोजले होते. उलट, आरोप सरसकट झाल्यामुळे खरे प्रकरण उजेडात आले तेव्हा त्याचे गांभीर्यही बोथट झाले; ‘हे तर आम्ही पहिल्यापासून सांगत होतो’ असे म्हणणाऱ्यांनी ते सगळ्यांबद्दलच सांगितले होते.

पिक्सेलची मोजणी

विक्री सुरू होण्याच्या सुमारास वादाचा विषय बदलला. ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस ‘कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स’ हा गेम प्लेस्टेशन ४ वर १०८०पी आणि एक्सबॉक्स वनवर ७२०पी इतक्या स्पष्टतेने चित्र काढेल हे त्याच्या निर्मात्यांनी मान्य केले. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल आणि १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६००. फरक सव्वादोन पटींचा. त्यामागे ठोस तांत्रिक कारण होते. प्लेस्टेशन ४ च्या ग्राफिक्स भागात १८ संगणन-एकके होती आणि एक्सबॉक्स वनच्या भागात १२, शिवाय सोनीने संपूर्ण ८ जीबी मेमरी वेगवान जीडीडीआर५ प्रकारची ठेवली होती. हा फरक खरा होता, मोजता येण्याजोगा होता आणि ग्राहकाला सांगण्याजोगाही होता. तो बैठकीच्या खोलीत काही अंतरावरून किती जाणवतो हा त्यापुढचा, परिस्थितीनुसार उत्तर बदलणारा प्रश्न. तो कोणी विचारला की तो एक्सबॉट, आणि आकडे कोणी सांगितले की तो पोनी, अशी वाटणी झाल्याने एकाच माणसाने दोन्ही गोष्टी म्हणण्याची सोय उरली नाही.

याचा परिणाम निर्मात्यांपर्यंत पोचला. ऑक्टोबर २०१४ मध्ये यूबिसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या ‘असॅसिन्स क्रीड: युनिटी’च्या एका वरिष्ठ निर्मात्याने सांगितले की गेम दोन्ही यंत्रांवर सारख्याच दर्जाला, म्हणजे ९००पी आणि सेकंदाला ३० चौकटी, ठेवला आहे, आणि त्यामागे वादविवाद टाळण्याचा हेतू आहे. साहजिकच त्यावरूनच मोठा वाद पेटला. कंपनीने नंतर खुलासा केला की एखाद्या यंत्राला मुद्दाम मागे खेचलेले नाही. खुलासा खरा धरला तरी, चाहत्यांच्या भांडणाची धास्ती हे कारण एका मोठ्या स्टुडिओतील जबाबदार माणसाच्या तोंडून सहज निघून जावे, यातच बरेच काही आले.

भारतातील ग्राहक

या वादात भारतीय ग्राहकांचा हितसंबंध अमेरिकेतील खेळाडूंपेक्षा वेगळा आणि अधिक थेट होता, पण तो इंग्रजी चर्चेत जवळजवळ अदृश्य राहिला. मूळ योजनेत एक्सबॉक्स वन ज्या २१ देशांत चालणार होता त्यांत भारत नव्हता. आपल्याकडे अमेरिकेहून किंवा दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाने कन्सोल आणणे ही जुनी रीत आहे; जूनमधील अटी कायम राहिल्या असत्या तर असे आणलेले यंत्र मुंबईत किंवा पुण्यात रोजची हजेरीच देऊ शकले नसते. नव्या गेमला काही हजार रुपये मोजावे लागत असल्याने वापरलेल्या डिस्कची देवाणघेवाण हा इथल्या छंदाचा कणाच होता. प्लेस्टेशन ४ भारतात जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० रुपयांना आला. एक्सबॉक्स वनला त्याच वर्षीचा सप्टेंबर उजाडला. इथल्या खेळाडूंनीही एक्सबॉट आणि पोनी हे शब्द जसेच्या तसे उचलले, हे मात्र थोडे गमतीचे आहे, कारण ज्या यंत्राच्या नावाने ते भांडत होते त्याच्या अधिकृत विक्रीला इथे अजून मुहूर्त सापडायचा होता.

त्यानंतर

प्लेस्टेशन ४ ची विक्री ११ कोटी ७० लाखांच्या पुढे गेली. मायक्रोसॉफ्टने काही वर्षांतच यंत्रांचे आकडे देणे थांबवले. २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियामकापुढे दिलेल्या कागदपत्रांत सोनीने आपल्याहून दुपटीने अधिक यंत्रे विकल्याचे मायक्रोसॉफ्टने मान्य केले. मार्च २०१४ मध्ये एक्सबॉक्सची धुरा हाती घेतलेले फिल स्पेन्सर यांनी मे २०२३ मध्ये एका मुलाखतीत म्हटले की हरण्यासाठी ती सर्वांत वाईट पिढी होती, कारण त्याच काळात लोकांनी आपले डिजिटल गेम-संग्रह उभे केले. ऑर्थ यांनी २०१३ च्या अखेरीस झुंडीच्या अनुभवावर व्यावसायिकांपुढे भाषण दिले आणि पुढे त्याच अनुभवातून ‘अ‍ॅड्रिफ्ट’ हा, उद्ध्वस्त अवकाशस्थानकात एकट्या उरलेल्या अंतराळवीराचा गेम बनवला. तो २०१६ मध्ये संगणकावर आणि प्लेस्टेशन ४ वर आला.

ज्या मुद्द्यावरून सारे सुरू झाले त्याची वाटचाल अधिक लक्षणीय आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये डिस्कची खाचच नसलेला एक्सबॉक्स वन एस विक्रीस आणला आणि २०२० मध्ये सोनीने तसाच प्लेस्टेशन ५ आणला. त्यांवर विकत घेतलेला गेम मित्राच्या हातात देता येत नाही आणि विकताही येत नाही. २०१३ च्या अटींमध्ये निदान एकदा देण्याची तरतूद होती. ऑनलाइन खेळण्यासाठीचे शुल्क आता निन्टेंडोसह तिन्ही कंपन्या घेतात. २०२३ मध्ये प्लेस्टेशन ५ ची लहान आवृत्ती आली, तेव्हा तिला जोडायचा वेगळा डिस्क ड्राइव्ह पहिल्यांदा वापरताना इंटरनेटवरून नोंदवावा लागतो हे लक्षात आले. काहींनी विचारले की उद्या तो सर्व्हर बंद झाला तर काय. हॅशटॅगची मोहीम या वेळी उभी राहिली नाही. ड्राइव्हच्या नोंदणीची अट कायम आहे.